बांदा नेइराला गेस्ट हाऊस करायला निघालो होतो, त्याचा हा अनुभव

आमचं वेंगुर्ल्याजवळ छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, आणि मागे नारळ-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडं, दापोलीच्या विद्यापीठाची कोकण सुगंधा जातीची कलमं. माझा मावसभाऊ बरीच वर्षं जकार्ताला नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, अरे इंडोनेशियाच्या पूर्वेला बांदा नेइरा म्हणून बेट आहे, जायफळाचं मूळ गावच ते, तिथे डच काळातलं एक घर मिळतंय, आपण दोघं मिळून गेस्ट हाऊस करू, तुला धंद्याची माहिती आहे आणि मी इथे आहेच. जायफळ म्हटल्यावर मी तिथेच अर्धा विरघळलो. तर व्हिसापासून परत येईपर्यंत काय काय झालं ते लिहितोय, कुणाला फिरायला जायचं असेल किंवा पैसे घालायचे असतील तर उपयोग होईल.

व्हिसाचं काम सोपं, ऑनलाईन ई-व्हिसा ऑन अरायव्हल, पाच लाख रुपिया फी, तीस दिवस मिळतात, एकदा वाढवता येतो. यावर जाऊन बघणं, लोकांना भेटणं, बोलणी करणं चालतं, काम करणं चालत नाही.

खरा प्रवास जकार्ताच्या पुढे. रात्रीच्या विमानाने मालुकु बेटांमधलं आंबोन शहर, तिथे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मग तुलेहू बंदरावरून फास्ट बोट, समुद्र चांगला असेल तर सहा तासांच्या आसपास. नाहीतर पेल्नी या सरकारी कंपनीचं मोठं जहाज, ते काही रोज नसतं, वेळापत्रक बघून त्याप्रमाणे आपली सुट्टी बसवावी लागते. छोटं विमानही आहे पण सीटा मोजक्या आणि हवा बिघडली की रद्द. जून ते ऑगस्ट आणि परत जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे जायचं तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर.

बोट आत शिरते तेव्हा एका बाजूला गुनुंग आपी, म्हणजे अग्नीचा डोंगर, सरळ समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, १९८८ ला फुटला होता, आणि समोर अगदी हाकेच्या अंतरावर नेइरा गाव. गाव एवढंसं, तासाभरात सगळं पायी फिरून होतं. जुन्या घरांना पुढे रुंद ओटी आणि जाडजूड गोल खांब, वर बेल्जिका किल्ला, १६११ चा, पाच कोनांचा, नीट राखलेला. तिथे उभा राहिलो आणि आमची वेंगुर्ल्याची डच वखार आठवली, त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीची, आणि आज तिच्या भिंतींतून झाडं उगवलीत, पोटात कालवलं अगदी.

इतिहास इथे पुस्तकातला वाटतच नाही. १६२१ ला या कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून फौज घेऊन आला आणि जायफळाच्या मक्त्यासाठी इथली मूळची माणसं मारली, हाकलली, गुलाम करून नेली, साधारण पंधरा हजारांपैकी हजारभर उरली म्हणतात. मग बाहेरून गुलाम आणून बागा चालवल्या. शेजारचं रुन बेट इंग्रजांनी १६६७ च्या ब्रेडाच्या तहात डचांना सोडलं आणि त्यांच्याकडे मॅनहॅटन राहिलं, म्हणजे महाराज आग्र्याहून सुटले त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. आपण श्रीखंडावर चिमूटभर किसतो त्या जिनसेपायी हे सगळं झालं. पुढे १९३६ ते १९४२ डचांनी हात्ता आणि शाहरीर या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांना इथेच नजरकैदेत ठेवलं होतं, एक पुढे पहिले उपराष्ट्रपती झाले, दुसरे पहिले पंतप्रधान. हात्तांचं घर बघता येतं, ते मागच्या बाजूला गावातल्या मुलांना शिकवायचे, ते बाक अजून ठेवलेत.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या बाईंना सगळे इबू म्हणतात, म्हणजे आई किंवा बाई, आम्हीही तेच म्हणायला लागलो. दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला होडीने समोरच्या बांदा बसार बेटावर आपल्या बागेत घेऊन गेल्या. प्रचंड उंच केनारीची झाडं आणि त्यांच्या सावलीत जायफळ. फळ काढायला त्यांच्याकडे गाय-गाय असते, लांब बांबू आणि टोकाला विणलेली टोपली, टोपलीला दोन दाते, म्हणजे आपला आंब्याचा झेलाच! मी हातात घेतली आणि उकललेलं फळ बरोबर काढलं तर इबूंचा मुलगा बघतच राहिला. आतली लाल जायपत्री मी देठाकडून न फाडता अखंड सोलून तळहातावर दाबून सपाट केली, आमची आई करते तशी, तेव्हा इबूंनी माझा हात धरून विचारलं तुमच्याकडे पण पाला होतं का. पाला म्हणजे जायफळ. त्यानंतर भाषेची अडचण निम्मी संपली. फळाचा गर आपण बहुतेक टाकतो, ते त्याचा जॅम करतात, सुकवून साखरेत घोळवतात, मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

आता घराचं. घर सुंदर होतं, चार खोल्या, समोर ज्वालामुखी. पण कागद बघायला मागितले तर सर्टिफिकाट, म्हणजे मालकीचा दाखला, अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, तीन भाऊ, एक जकार्ताला, वारसांची नोंदच नाही. म्हटलं हे तर आपल्याच गावचं झालं. जमिनीचं ऑफिस बांदात नाही, हा भाग मालुकु तंगाह जिल्ह्यात येतो आणि त्याचं मुख्य गाव मासोही, ते सेराम बेटावर, म्हणजे कागदाच्या कामाला परत बोट. आणि प्रत्येक गावाचा जमिनीबाबतचा आदात, म्हणजे रूढीचा कायदा असतो, तो बघणारी गावातली मंडळी, आपल्याकडे गावकी म्हणतो तशी, त्यांना विचारल्याशिवाय काही हलत नाही, आणि मला ते पटलं.

तेवढ्यात एक मध्यस्थ भेटला, म्हणाला कशाला एवढं, स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, एक करार बाजूला करून ठेवू. मावसभाऊ जरा डळमळला होता खरं सांगायचं तर. मी म्हटलं आधी आंबोनला नोटरीकडे जाऊ, तिथे नोटरी म्हणजे स्टॅम्प मारणारा नव्हे, जमिनीचे दस्त करणारा, कायदा शिकलेला माणूस. तिथल्या नोटरी बाईंनी दोन तास बसून समजावलं. हाक मिलिक म्हणजे पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला, १९६० चा कायदा आहे, आणि ती परदेशी माणसाकडे जावी म्हणून केलेला बेनामी व्यवहार मुळातच रद्दबातल, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परदेशी पैशाची कंपनी काढली तर तिला बांधकामाचा हक्क मिळतो, आधी तीस वर्षं, मग वीस वाढवून, परत तीस. पण अशी कंपनी तिथे मोठी कंपनीच धरतात, गुंतवणूक दहा अब्ज रुपियाच्या वर दाखवावी लागते, आपले पाच कोटींच्या पुढे. चार खोल्यांच्या गेस्ट हाऊसला हे कुठून बसणार? छोटा धंदा त्यांनी आपल्या लोकांसाठी राखून ठेवलाय, आणि १६२१ वाचून आल्यावर त्यात मला काहीच चुकीचं वाटलं नाही.

हे सगळं ऐकून आम्ही इबूंना तोंडावर सांगायचं म्हणून परत बांदाला गेलो. येताना फास्ट बोट लाटांमुळे रद्द, तीन दिवस अडकलो, आंबोन-जकार्ता तिकिटाचे पैसे गेले. पण त्या तीन दिवसांत बंदरावर बसून मी हिशोब केला, पाहुणा असा अडकला तर त्याच्या जेवणाराहण्याचं काय, मासळी मिळते पण भाजी, गॅस, सिमेंट सगळं जहाजाने येतं, जहाज चुकलं की बाजार रिकामा. वर्षातले किती महिने खोल्या भरतील हे बोटीवर ठरतं, जाहिरातीवर नाही. मावसभावाच्या कागदावर बारा महिन्यांचं उत्पन्न धरलं होतं, मी चार महिन्यांचं धरलं आणि त्याला दाखवलं.

घर घेतलं नाही. इबूंच्याच दोन खोल्या आम्ही ऑक्टोबरच्या दोन आठवड्यांसाठी आगाऊ ठरवल्या, निम्मे पैसे मावसभावाने त्यांच्या बँकेत भरले, पावती घेतली. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी आठ जण तयार झालेत, त्यातले तीन डायव्हिंगवाले, कारण त्या दिवसांत तिथे हातोडी शार्क दिसतात. जायफळाचं ताजं बी आणायची फार इच्छा होती पण परवान्याशिवाय आणणं बेकायदेशीर, म्हणून जॅमच्या दोन बाटल्या आणल्या, आणि यंदा आमच्या झाडांची फळं उकलली तेव्हा आईने गर टाकला नाही, दोन किलो जॅम केला. रंग जरा काळपट आला, इबूंना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच आवाजी मेसेज केला की साखर आधी नाही, शेवटी घाला.

पेल्नीचं ऑक्टोबरचं वेळापत्रक आलं की त्या फोटो काढून पाठवणार आहेत, ते बघून मग विमानाची तिकिटं काढायची.