डोळे मिटले की तोल जायचा, आणि दोष निघाला मानेचा

माझे आठ महिने भलत्याच दारांत गेले, तसे कोणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आमचं घर देवगडजवळ, कलमांची बाग आहे. मार्च ते मे दिवसभर खाली मान घालून आंबा निवडायचा, अढी लावायची, पेट्या भरायच्या. मान पाच-सहा वर्षांपासून दुखतेच, बाम चोळायचा नि झोपायचं, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण गेल्या वर्षी सीझन संपता संपता वेगळंच सुरू झालं. न्हाणीत केसांना साबण लावून डोळे मिटले की एका बाजूला कलल्यासारखं व्हायचं, भिंत धरावी लागायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. आणि वहाळावरचा साकव, ज्याच्यावरून मी लग्न झाल्यापासून डोक्यावर ओझं घेऊन जातेय, तो तिन्हीसांजेला ओलांडायचा म्हटलं की पायच उचलेना. घर गरगर फिरत नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगून दमले, फक्त आपलं डोकं नक्की कुठे आहे याचा भरवसा राहिला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "पित्त खवळला असात." बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, कानाच्या डॉक्टरांनी कान ठीक सांगितले. एक्सरेत मणक्यांची थोडी झीज, मग पट्टा, तो तीन महिने लावला, दुखणं बरंच कमी झालं पण तोल तसाच. तपासण्या फुकट गेल्या असं मात्र मी म्हणणार नाही, अचानक दोन-दोन दिसलं, जीभ अडखळली, हात बधिर झाला तर आधी डॉक्टरच.

शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूरला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी माझ्या डोक्याला पट्टी बांधली, तिच्यावर लेझर, भिंतीपासून ९० सेंमीवर खुर्ची, लाल ठिपका बरोबर मधल्या खुणेवर. म्हणाल्या, "काकी, डोळे मिटा, मान उजवीकडे फिरवा आणि होती तिथे परत आणा." मी आणली. मला अगदी खात्री होती की मी सरळ समोर बघतेय. डोळे उघडले तर ठिपका खुणेपासून ११ सेंमी उजवीकडे. सहा वेळा केलं, सहाही वेळा उजवीकडेच. या अंतरावरून साधारण ७ सेंमीच्या पुढे, म्हणजे साडेचार अंशांच्या वर चूक गेली तर गडबड समजतात. मला रडूच आलं, पण खरं सांगते, बरं पण वाटलं, कारण पहिल्यांदाच माझं म्हणणं भिंतीवर दिसलं.

मग त्यांनी नीट समजावलं. आपण कुठे आहोत हे मेंदू तीन ठिकाणांहून विचारतो, डोळे, आतला कान आणि मान. कवटीच्या खाली जे बारके स्नायू असतात त्यांच्यात ताण ओळखणारे तंतू खूप दाट असतात, डोकं किती वळलंय ते तिथून सतत कळत असतं. वर्षानुवर्षं दुखून हे स्नायू आखडले, थकले की निरोप चुकीचा जातो, मग मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो. म्हणूनच न्हाणीत डोळे मिटले की आणि साकवावर अंधार पडला की मला जास्त व्हायचं, तो एक हिशेब लगेच लागला. मान दुखणाऱ्या सगळ्यांना असं होतं असं नाही. आणि हे एक्सरेत दिसत नाही, दुखणं थांबलं म्हणून आपोआप सुधारेलच असंही नाही, ते वेगळं शिकवावं लागतं.

घरी मुलाने टोपीला लेझर बांधून दिला, भिंतीवर टिकली लावली. रोज दोन वेळा डोळे मिटून मान वळवायची, परत आणायची, डोळे उघडून चूक बघायची आणि सुधारायची. टिकलीवर नजर ठेवून मान हळू डावी-उजवी. उताणं पडून हनुवटी हो म्हटल्यासारखी हलकी आत घ्यायची, १० सेकंद, १० वेळा. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळायचं, मॅडमना फोन केला तर म्हणाल्या वेग कमी करा, सोडू नका. यंदा आंबा निवडायला यांनी उंच टेबल करून घेतलं, अर्ध्या तासाने उठायचंच असा नियम, पेट्या थोड्या कमी भरल्या तरी चालेल म्हणाले.

गणपतीत बायका फुगडीला हात ओढत होत्या, मी नाही म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. काल ठिपका ५ सेंमीवर होता, दोनदा ४ वर. साकव अजून बॅटरी घेऊनच ओलांडते, पण कोणाचा हात न धरता.