मसालेभाताच्या रांगेतला प्रश्न

गणपतीत मंडळाच्या जेवणाची रांग लांबते आणि मी मसालेभाताच्या पातेल्यापर्यंत पोहोचायच्या आत कोणीतरी मला गाठतंच. "तुम्ही शनिवारी पोरांना बास्केटबॉल शिकवता ना? आमचा अकरावीत आहे, सहा फूट दोन इंच. कॉलेजचं होईल का हो काही?" न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या जिममध्ये बारा वर्षं मी पोरांवर ओरडतोय, तेव्हा मला विचारणं रास्तच. रांगेत मी "बघू, मेहनत करू दे" म्हणून सुटतो. आता तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

मी शिकवायला लागलो तेव्हा हिशेब सोपा होता. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी, तिथल्या पुरुषांच्या संघाला 13 स्कॉलरशिप. दरवर्षी तीन-चार मुलं बाहेर पडायची आणि त्यातल्या बऱ्याचशा जागा शाळेतून येणाऱ्यांना मिळायच्या. म्हणजे तुमच्या मुलाची स्पर्धा त्याच्याच वयाच्या मुलांशी. कोच उन्हाळी स्पर्धांना येत, भिंतीला टेकून उभे राहत, आणि आज कच्चा असलेला मुलगा तीन वर्षांनी कसा खेळेल याचा अंदाज बांधत. आमच्यासारख्यांची सगळी आशा त्या अंदाजावर होती.

वरच्या फळीतल्या मुलांची गोष्ट निराळी. कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे इथल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये गेले. 2006 च्या ड्राफ्टपासून (एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक फेरी) ती वाट बंद झाली: वय किमान 19 आणि अमेरिकन मुलाची शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. मधलं वर्ष बहुतेक जण कॉलेजात काढत. विद्यापीठ तिकिटं विकणार, टीव्हीचे पैसे घेणार आणि खेळाडूला शिक्षण, खोली, जेवण. आपल्याकडे याला वेठबिगारी म्हटलं असतं. इथे 'हौशी खेळाची परंपरा' म्हणत.

एप्रिल 2020 मध्ये एनबीएने आपल्याच जी लीग या दुय्यम लीगमध्ये खास अशा पोरांसाठी इग्नाइट नावाचा संघ काढला. पहिली सही जेलन ग्रीनची, पगार पाच लाख डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या. आयझेया टॉडने मिशिगनला आणि डेशन निक्सने यूसीएलएला दिलेला शब्द मोडला. कॉलेजच्या कोचांच्या पोटात गोळा आला. त्याच पहिल्या संघात पंजाबचा प्रिन्सपाल सिंग होता, त्यामुळे त्या वर्षी मंडळात माझाही भाव वधारला. दोघा पालकांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "मग कॉलेज कशाला? थेट तिकडेच?" मी कसंबसं हसू आवरलं.

2021 च्या ड्राफ्टमध्ये ग्रीन दुसरा आणि जोनाथन कुमिंगा सातवा निवडला गेला. पुढे स्कूट हेंडरसनने दोन वर्षांचा करार केला, तो दहा लाख डॉलरचा असल्याचं छापून आलं. कॉलेज बास्केटबॉलचे दिवस भरले, असं आम्ही जिमच्या पायऱ्यांवर बसून ठरवूनही टाकलं.

आम्ही सपशेल चुकलो. 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरू देण्याचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. कागदावर जाहिरातीचे पैसे. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या श्रीमंत चाहत्यांनी फंड उभे केले आणि त्यातून जवळजवळ पगारच सुरू झाले. घरच्या मैदानावर हजारो लोक, टीव्ही, वर पैसे. मग रिकाम्या खुर्च्यांपुढे जी लीग खेळायला कोण जाईल? इग्नाइटने शेवटच्या नियमित हंगामात 34 पैकी 2 सामने जिंकले आणि मार्च 2024 मध्ये संघ बंद करत असल्याचं जाहीर झालं. चार वर्षांत खेळ खलास.

आता तर गंगा उलटी वाहते आहे. जी लीगचा नेहमीचा पगार हंगामाला चाळीसेक हजार डॉलर. 2025 मध्ये इग्नाइटचे माजी खेळाडू थिएरी डार्लान आणि लंडन जॉन्सन यांनी अनुक्रमे सँटा क्लारा आणि लुईव्हिल या विद्यापीठांची वाट धरली. व्यावसायिक लीगमधून कॉलेजात! युरोपातल्या क्लबांमधली पोरंही येताहेत. 2021 च्या ड्राफ्टसाठी आपोआप पात्र ठरायची वाट न पाहता स्वतःहून नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते, 2025 मध्ये फक्त 106. जो तो कॉलेजातच थांबतोय, कारण पैसा तिथे आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून तर कोर्टातल्या तडजोडीनुसार विद्यापीठं स्वतःच्या उत्पन्नातून थेट वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठातल्या सगळ्या खेळांना मिळून मर्यादा साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर.

पण तुमच्या मुलाचं घोडं अडतं ते ट्रान्सफर पोर्टलपाशी, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीपाशी. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा वर्षभर बाकावर बसावं लागे. 2021 मध्ये एकदा बदलायची सूट मिळाली, 2024 मध्ये कितीदाही. त्यातच कोविडच्या हंगामामुळे खेळायला मिळालेल्या जादा वर्षाने तेविशीतले बाप्ये संघात राहिले. कोचला हंगामाअखेर नोकरी टिकवायची असते. तीन वर्षांनी पिकणारा आंबा तो कशाला लावेल, बाजारात तयार पेटी मिळत असताना?

आमच्या जिममधल्या एका मुलाला मध्यम दर्जाच्या विद्यापीठाने तोंडी ऑफर दिली होती. आईने पेढे वाटले. एप्रिलमध्ये कोचचा फोन आला, दीड मिनिटाचा: जागा पोर्टलमधून आलेल्या बावीस वर्षांच्या खेळाडूला दिली. कोच वाईट नव्हता, त्याचा आवाजही पडला होता. पोरगा आता इंजिनिअरिंग करतोय आणि संध्याकाळी हौशी लीग खेळतो. अजून तो विषय निघाला की आई उठून आत जाते.

व्हिसाची भानगड वेगळीच. मूल एच-4 (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला) किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल तर या पैशाला हात लावण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा. केंटकीचा ऑस्कर शिबवे 2022 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, पण विद्यार्थी व्हिसावर होता, आणि त्यावर अमेरिकेत कमाई करण्यावर बंधनं असतात. संघ बहामाजला खेळायला गेला तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे, अमेरिकेबाहेर, उरकली.

तर सहा फूट दोन इंचाचं काय? त्या उंचीचा मुलगा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा हवा, आणि डाव्या हातानेही तेवढाच पक्का. तसा असेल तरी मी सांगतो, डिव्हिजन थ्रीच्या कोचांना पत्र लिहा. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, पण शिक्षणासाठी मदत असते आणि अठरा वर्षांच्या पोराला मैदानावर उतरवतात. हे ऐकल्यावर बऱ्याच पालकांचे चेहरे उतरतात. "थ्री?" असं म्हणतात, जणू मी त्यांना तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसवतोय.

आणि हो, शनिवारी सकाळी नऊला पाठवा त्याला. बूट वेगळे आणायला सांगा. बाहेरचे चिखलाचे बूट घालून कोणी आत आलं की जिमचा वॉचमन मला बोलतो.