कॅमेरा सोपा, वायर अवघड

शनिवार, रात्री

आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरला (पिकअपमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर) मागचा कॅमेरा एकदाचा लागला. लागला म्हणजे चित्र दिसतंय आणि वायर दिसत नाही, दोन्ही. बाबा कोल्हापूरहून अमेरिकेत, मिशिगनला आल्यापासून त्यांच्या हाताला मनाजोगतं काम आज मिळालं. जन्मभर घरांचं वायरिंग केलेला माणूस, सोफ्यावर बसून बातम्या बघणं त्यांना किती दिवस सोसणार?

इथे मे २०१८ पासून जवळपास प्रत्येक नव्या कारला आणि पिकअपला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. पण तो नियम गाडीला, ट्रेलरला नाही. आणि ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या कॅमेऱ्यात काय दिसतं, तर ट्रेलरचं तोंड. आमचा ट्रेलर सेकंडहँड आहे. दाराशेजारच्या स्टिकरवर इंडियानातल्या एल्कहार्टचं नाव आहे (या देशातले बहुतेक ट्रेलर त्याच भागात बनतात). हल्ली बरेच ट्रेलर कारखान्यातूनच कॅमेऱ्याची ब्रॅकेट आणि वायर घेऊन येतात. आमच्या नशिबी ते नव्हतं.

कॅमेरा वायरलेस घेतला. बाबांनी खोका उलटापालटा करून विचारलं, "वायरलेस आहे ना? मग ही लाल-काळी शेपटी कसली?" चित्र हवेतून जातं, पण कॅमेऱ्याला बारा व्होल्ट द्यावेच लागतात.

ते कुठून घ्यायचे, यावरच सकाळचा चहा दोनदा झाला. सोपी वाट म्हणजे ट्रेलरच्या मागे छताखाली जे तीन लाल दिवे असतात, त्यांतल्या मधल्यातून. वायर तिथेच हाताशी असते, बरेच जण तसंच करतात. पण ते दिवे गाडीचे पार्किंग लाइट लावले तरच पेटतात. दिवसा गाडीचे समोरचे दिवे आपोआप लागलेले असले, तरी आमच्या पिकअपला मागे ट्रेलरचे दिवे लागत नाहीत. म्हणजे भर दुपारी कॅमेरा आंधळा. दुसरी वाट पिकअपची वीज ट्रेलरला देणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली मधली पिन, रिव्हर्सची. मग कॅमेरा फक्त मागे घेताना चालू. मला तर तो हायवेवर जास्त हवाय. लेन बदलताना ट्रेलरच्या मागे चिकटून चाललेली छोटी गाडी बाजूच्या आरशांत दिसतच नाही. म्हणून ठरवलं, ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवरून, आतल्या फ्यूजच्या पॅनेलमधून वेगळी लाइन काढायची आणि तिला एक स्विच द्यायचा.

भोक पाडण्याआधी कॅमेरा मास्किंग टेपने चिकटवला, छोट्या बॅटरीवर चालू केला आणि ट्रेलर जोडून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. कॅमेरा आणि पिकअपमधला त्याचा पडदा यांच्या मधे ॲल्युमिनियमचा सांगाडा, फ्रिज, ओव्हन एवढं सगळं. चित्र अडकलं असतं तर अँटेना पुढे आणावी लागली असती. अडकलं नाही.

आता भोक. ट्रेलरमध्ये मी कशाला भीत असेन तर पाण्याला. फायबरग्लासची भिंत म्हणजे आत फोम, दोन्हीकडे पातळ प्लाय, बाहेरून फायबरग्लासचा गुळगुळीत पातळ थर. एका स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं की आतला प्लाय कुजतो, बाहेरचा थर सुटतो आणि भिंतीला फुगे येतात. दुरुस्तीचा खर्च ऐकला तर माणूस ट्रेलर विकायला काढतो. म्हणून बाहेरच्या बाजूने वायरीसाठी नवं भोक नाहीच पाडलं. मधला लाल दिवा काढला. त्याच्यामागे कारखान्याने पाडलेलं भोक होतंच, त्यातूनच वायर आत घेतली, थेट पलंगावरच्या कपाटात. कॅमेऱ्याची ब्रॅकेट त्याच्या लगेच खाली. वायर दिव्यात शिरण्यापूर्वी खाली झोल देऊन मग वर वळवली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलावरून गळून पडेल.

ब्रॅकेटच्या मागे ब्यूटाइलची टेप लावली. ही करड्या रंगाची, हाताला चिकटणारी पट्टी, खिडकीच्या काचेला लावायची लांबी असते ना, तशीच मळता येते, फक्त लवकर वाळत नाही. स्क्रू आवळले तशी ती चारही बाजूंनी बाहेर आली. जास्तीची प्लास्टिकच्या चमच्याने कापली आणि वरून सीलंट फिरवलं, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला. खालची कड उघडीच. बाबांना ते अर्धवट वाटलं. मी म्हटलं, चुकून आत गेलेलं पाणी बाहेर कुठून पडेल? त्यावर "बरोबर आहे" म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्याकडून मिळणं सोपं नाही. सिलिकॉन मात्र हातात घेऊ नये. पुढे कधी नवं सीलंट लावायची वेळ आली तर सिलिकॉनवर ते धरत नाही, आणि खरवडून काढता काढता नाकी नऊ येतात.

आतलं काम बाबांचं राज्य. कपाटाच्या कोपऱ्यातून खाली, पलंगाखालच्या पेटीतून पुढे, स्वयंपाकाच्या ओट्याखालून पॅनेलपर्यंत. घरात झिरी मारून पाइप टाकता येतो, इथे भिंतच बोटभर. जिथे पोकळी होती तिथे स्प्रिंग सारून वायर ओढली, जिथे नव्हती तिथे पीव्हीसीची पांढरी पट्टी. पट्टीला गोंद आलेला असतो, पण उन्हात बंद ट्रेलर तापला की तो सोडतो, म्हणून मधे मधे स्क्रू. आतला प्लाय जेमतेम तीन मिलिमीटर. बाबांनी प्रत्येक स्क्रू पट्टीशेजारी धरून, डोळा बारीक करून किती आत जाईल ते बघितलं, आणि लांब वाटले ते परत डबीत टाकले.

मला ओट्याखाली एक जॉइंट मारून वायर वाढवायची होती, हातातला तुकडा थोडा कमी पडत होता. तो पोकळीत जाणार, कुणाला दिसणार नाही. बाबांनी पक्कड खाली ठेवली. "अगं, वायर लपव, जॉइंट लपवू नको. फॉल्ट येतो तो जॉइंटलाच. उद्या बंद पडला तर ओटा फोडणार का?" रीळ आणायला मी पुन्हा दुकानात गेले. आता कपाटापासून पॅनेलपर्यंत एकच सलग वायर आहे, अठरा गेजची. जॉइंट दोनच, एक कपाटात आणि एक पॅनेलपाशी, दार उघडलं की हाताला लागतील असे.

पॅनेल उघडल्यावर मात्र ते थबकले. एकाच डब्यात एकीकडे बारा व्होल्ट डीसी, दुसरीकडे एकशे वीस व्होल्ट एसी, आणि दोन्हीकडे काळी-पांढरी वायर. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. इथे एसीतही काळी फेज आणि ट्रेलरच्या डीसीतही काळी पॉझिटिव्ह. "हे कुणी ठरवलं?" असं त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्यात कोल्हापूरच्या सगळ्या वायरमनांचा निषेध होता. बाहेरची वीज आधीच काढली होती, तरी रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावून बघितलं. ट्रेलरमध्ये मीटरशिवाय कशाला हात लावू नये असं माझं मत होतंच, आता त्याला दुजोरा मिळाला.

फ्यूज तीन अँपिअरचा. कॅमेऱ्याला अर्धासुद्धा लागत नाही. मी म्हटलं, बारा व्होल्टला काय होतंय? तर म्हणाले, शॉक नाही लागणार, पण शॉर्ट झाला तर बॅटरी एवढा करंट ओतते की वायर लाल होईल. फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो.

संध्याकाळी ड्राइव्हवेत मागे घेऊन बघितलं. कचऱ्याचे डबे, शेजाऱ्यांची टपालपेटी, सगळं स्पष्ट. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या रेषा मेनूत जाऊन बंद केल्या. त्या कारच्या मापाच्या, ट्रेलर उलट्या बाजूला वळतो तेव्हा त्या भलतीकडेच नेतात. वरची मेपलची फांदी मात्र कॅमेऱ्यात येत नाही, आणि वळताना पिकअपचं नाक कुठे जातंय तेही नाही. त्यासाठी बाबा कोपऱ्यावर उभे होतेच, दोन्ही हात वर करून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास!" गल्लीतल्या ट्रकला सांगावं तसं.

रात्री त्यांनी वायरीचा नकाशा काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कुठून कुठे गेली, जॉइंट कुठे, फ्यूज कितीचा. सगळं मराठीत. हा ट्रेलर पुढे कुणी विकत घेतला तर त्याने काय करायचं, असं विचारलं तर म्हणाले, "तोवर फॉल्ट येणार नाही."

पुढच्या शनिवारी ट्रेलर घेऊन लेक मिशिगनकाठच्या लडिंग्टनला जायचंय. त्याआधी पिकअपमधल्या कॅमेऱ्याच्या पडद्याची वायर लपवायची राहिली आहे. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबात अपघातात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, तिच्यासमोरून वायर न्यायची नाही. डॅशबोर्डच्या खालूनच न्यावी लागेल. बाबा आत्तापासून टॉर्च शोधतायत.