न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात ज्युरी म्हणून

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि पुढे कधीतरी पर्ल स्ट्रीटवरच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाचं ज्युरीसाठी समन्स आलं. ज्युरी म्हणजे खटल्याचा कौल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ. ज्युरी म्हटलं की मला नौदल अधिकारी नानावटींवर मुंबईत चाललेला खुनाचा खटला आठवायचा. १९५९ मध्ये ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने तो कौल फिरवला. त्यामुळे या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नव्हता.

पहिली सकाळ नुसती बसण्यात गेली. रोजचा भत्ता ५० डॉलर, आणि ज्युरीला गेलात म्हणून नोकरीवरून काढता येत नाही.

दावा नोकरीतल्या भेदभावाचा होता. न्यायाधीशबाई एकेकाला स्वतः प्रश्न विचारत होत्या. तुमच्याशी कधी भेदभाव झालाय का? मी खरं ते सांगितलं, झालाय. मग ते बाजूला ठेवून फक्त पुराव्यावर ठरवाल का? थोडा विचार करून मी हो म्हणाले. आता घरी पाठवणार असं वाटलं, पण माझी निवड झाली.

हाच प्रश्न या कोर्टात एकदा खुद्द न्यायाधीशांनाच विचारला गेला होता. कॉन्स्टन्स बेकर मोटली या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश. वडील येल विद्यापीठात स्वयंपाकी. मुलीचं भाषण ऐकून प्रभावित झालेल्या एका उद्योजकाने तिच्या कॉलेजचा खर्च उचलला. वकील म्हणून त्यांनी सुप्रीम कोर्टात १० खटले लढवले, ९ जिंकले. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला १९६२ मध्ये तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या मिसिसिपी विद्यापीठाची दारं उघडली ती त्यांच्याच लढ्यामुळे. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना न्यायाधीश नेमलं. १९७५ मध्ये एका बड्या वकिली फर्मविरुद्ध स्त्रियांना डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे आला, तेव्हा फर्मच्या बाजूने मागणी झाली की मोटलींनी यातून बाजूला व्हावं. त्यांनी ठाम नकार दिला. वंश आणि लिंग प्रत्येकच न्यायाधीशाला असतं. तेवढ्यावरून दूर करायचं तर हा खटला चालवायला कोणीच उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

साक्षी संपल्यावर न्यायाधीशबाईंनी कायदा समजावून सांगितला: कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढंच तोलायचं, आणि निकाल एकमताने हवा. बंद खोलीत आमचे जोरदार वाद झाले. माझी सहानुभूती वादी बाईंकडे होती. पण कागदपत्रं पुन्हापुन्हा वाचल्यावर त्यांच्या एका आरोपाला पुरावा दिसेना. त्यावर मी त्यांच्याविरुद्ध मत दिलं, दुसऱ्यावर त्यांच्या बाजूने.