तुम्ही विचारलंत म्हणून: ८ जीबी रॅममध्ये तीन तज्ज्ञ मॉडेलं कशी बसवायची?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. पत्रांचा सारांश, बिलांतून आकडे काढणं आणि ग्राहकांना उत्तरं देणं, या तीन कामांसाठी लामा ३.२ च्या ३ बी मॉडेलाचे (मेटाचं छोटं भाषा-मॉडेल) तीन फाइनट्यून, म्हणजे एकेका कामासाठी पुढे शिकवलेल्या आवृत्त्या, तयार आहेत. तिन्ही एकत्र कसे चालवायचे?’

तीन मॉडेलं चालवूच नका. एक मॉडेल आणि तीन अडॅप्टर चालवा. अडॅप्टर म्हणजे मूळ मॉडेल न बदलता त्यावर लावायची, एका कामासाठी शिकवलेली छोटी भर.

हिशेब असा. या मॉडेलात ३२१ कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकलेले आकडे. क्यू४-के-एम क्वांटायझेशननंतर (आकडे कमी बिटांत साठवल्यावर) फाइल २ जीबीच्या आसपास. तीन वेगळ्या फाइली म्हणजे ६ जीबी, आणि ऑपरेटिंग सिस्टिम नि ब्राउझर आपला वाटा आधीच घेऊन बसलेले. उलट, रँक १६ चा (रँक म्हणजे अडॅप्टरचा आकार ठरवणारं माप) लोरा या प्रचलित प्रकारचा अडॅप्टर सगळ्या लिनियर थरांवर लावला तरी त्यात २.४३ कोटी पॅरामीटर, म्हणजे १६ बिटांत ४९ एमबी. असे तीन धरूनही एकूण सव्वादोन जीबीच्या आत. ॲपलने २०२४ मध्ये आयफोनसाठी हीच रचना निवडली: सुमारे ३०० कोटी पॅरामीटरचं एक मॉडेल आणि कामानुसार बदलणारे, काही दहा एमबींचे अडॅप्टर.

म्हणून फाइनट्यून करताना अडॅप्टर बेस (मूळ) मॉडेलात मर्ज करून, म्हणजे कायमचा मिसळून, टाकू नका. तो वेगळा जपून ठेवा. लामा.सीपीपी (साध्या संगणकावर मॉडेल चालवणारा प्रोग्राम) बरोबर येणाऱ्या स्क्रिप्टने त्याचं जीजीयूएफ, म्हणजे त्या प्रोग्रामला लागणारी फाइल, करा आणि सर्व्हर सुरू करताना तिन्ही अडॅप्टर जोडा. इथे हमखास फसगत होते. जोडलेल्या प्रत्येक अडॅप्टरचं वजन (प्रभावाचं प्रमाण) मुळात १ असतं, म्हणजे तिन्ही एकाच वेळी लागू होतात आणि उत्तरात सारांश, बिल नि ग्राहकसेवा यांचा काला होतो. ‘लोड कर, पण लावू नको’ असा वेगळा पर्याय आहे, तो द्या. मग प्रत्येक विनंतीसोबत हव्या त्या अडॅप्टरचा क्रमांक आणि वजन १ पाठवा. यादीत नसलेल्यांचं वजन आपोआप ० धरलं जातं.

दुसरी चूक जास्त छुपी. अडॅप्टर मॉडेलाच्या इन्स्ट्रक्ट (सूचना पाळायला शिकवलेल्या) आवृत्तीवर शिकवलेला आणि लावला मूळ बेस आवृत्तीवर, तर दोन्हींची मापं सारखी असल्याने एररच येत नाही. फक्त उत्तरं बिघडतात, आणि लोक आठवडाभर प्रॉम्प्ट बदलत बसतात. चॅट टेम्प्लेटही (प्रश्न-उत्तर मॉडेलाला द्यायचा साचा) शिकवताना होतं तेच हवं. शिवाय शिकवताना नवे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) घालून एम्बेडिंगचा, म्हणजे टोकनांचे आकडे करणारा, थरही सोबत सेव्ह केलात तर हलकेपणा संपला. या मॉडेलाचा शब्दसंग्रह १,२८,२५६ टोकनांचा, रुंदी ३०७२. तो एक थरच १६ बिटांत जवळपास ७९० एमबी होतो.

आता केव्ही (की-व्हॅल्यू) कॅश, म्हणजे वाचून झालेल्या टोकनांचे आकडे जपणारी मेमरी, जी हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. इथे २८ थर, ८ केव्ही हेड, प्रत्येकी १२८ मापाचे. म्हणजे दर टोकनमागे ११२ केबी, आणि ४०९६ टोकनांना ४४८ एमबी. तिन्ही अडॅप्टरांच्या तिप्पट! कॅश ८ बिटांत ठेवली तर ती जवळपास निम्म्यावर येते, मात्र व्हॅल्यूच्या भागासाठी फ्लॅश अटेन्शन हा पर्याय चालू असावा लागतो. मराठीत काम असेल तर आणखी जपून. लामाच्या टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) देवनागरी शब्दांचे बरेच तुकडे पडतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा खूप जास्त टोकन खातो. शिवाय या मॉडेलाच्या अधिकृत ८ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. संदर्भाची लांबी (मॉडेल एका वेळी किती टोकन ध्यानात ठेवेल ती मर्यादा) ठरवण्याआधी आपलं एक खरं पत्र टोकनायझरमधून काढून मोजा.

अडॅप्टर बदलणं फुकट नसतं. एका अडॅप्टरखाली तयार झालेली कॅश दुसऱ्याला चालत नाही, कारण प्रत्येक थरातले आकडेच बदललेले असतात. अख्खा प्रॉम्प्ट पुन्हा वाचावा लागतो. यंत्र सेकंदाला ३० टोकन वाचत असेल तर २००० टोकनांच्या पत्राला मिनिटाहून जास्त. म्हणून एका कामाच्या विनंत्या साठवून एकत्र सोडा: आधी सगळी बिलं, मग सगळे सारांश.

कोणता अडॅप्टर लावायचा हे ठरवायला आणखी एक मोठं मॉडेल बसवणं ही निव्वळ हौस. बिलाची फाइल आली की बिलाचा अडॅप्टर. एवढं साध्या नियमाने होतं. मोकळ्या मजकुराची विभागणी करायचीच असेल तर मल्टिलिंग्वल ई५ स्मॉल हे वाक्यांच्या अर्थाची जवळीक मोजणारं छोटं मॉडेल पुरतं. पॅरामीटर ११.८ कोटी, ८ बिटांत सुमारे १२० एमबी. प्रत्येक कामाची वीस-तीस नमुना वाक्यं ठेवा आणि सर्वांत जवळचं काम निवडा.

‘मग मिक्श्चर ऑफ एक्स्पर्ट्स (एकाच मॉडेलात अनेक ‘तज्ज्ञ’ भाग, त्यातले मोजकेच एका वेळी चालतात) का नको?’ असंही विचारतात. ती रचना गणित वाचवते, मेमरी नाही. मिक्स्ट्रल ८x७बी या अशा मॉडेलामध्ये दर टोकनला सुमारे १,२९० कोटी पॅरामीटर काम करतात, पण मेमरीत ४,६७० कोटी ठेवावे लागतात. मर्जकिट या साधनाने तिन्ही फाइनट्यून एकात मिसळणं मेमरीच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त. फक्त कामं एकमेकांजवळची हवीत. एकाला काटेकोर जेसन (ठरावीक साच्यातला डेटा) आणि दुसऱ्याला मोकळं गद्य शिकवलं असेल तर दोन्ही बिघडतात.

बोललेलं लिहून घ्यायचं असेल तर व्हिस्पर स्मॉल हे मॉडेल व्हिस्पर.सीपीपी या प्रोग्राममध्ये सुमारे ८५० एमबी घेतं. ते स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालवा आणि काम झालं की बंद करा, म्हणजे मेमरी खरोखर मोकळी होते.

शेवटी टास्क मॅनेजरवर फार विसंबू नका. लामा.सीपीपी फाइल एमएमॅपने उघडतं, म्हणजे पूर्ण न उचलता लागेल ते पान डिस्कवरून आणतं, त्यामुळे वापर कमी दिसू शकतो. रॅम अपुरी पडली की सिस्टिम त्यातली पानं टाकून देते आणि पुढच्या टोकनला ती डिस्कवरून परत आणते. पूर्ण २ जीबी दर वेळी साटा एसएसडीवरून सेकंदाला ५०० एमबीने वाचायचे झाले तर टोकनमागे ४ सेकंद. उत्तर अचानक रांगायला लागलं तर आधी डिस्कचा दिवा बघा. तो सतत लुकलुकत असेल तर संदर्भाची लांबी कमी करा.