टँकरची रांग
आज माहेरी टँकरच्या रांगेत उभी होते. मागून कुणीतरी बोललं, "माणसंच वाढलीत, पाणी पुरणार कुठून?" नजर होती पुढच्या वहिनींवर, तीन लेकरं घेऊन आलेल्या. त्यांच्या घागरीच्या तळाला एम-सीलचं ठिगळ. चार घागरींत त्यांचं सगळं घर भागतं. समोर मात्र बोअरच्या पाण्यावर ऊस भिजत होता, मोकाट पाणी देऊन! त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फार लागलं मनाला.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हाही जिल्ह्यात ऊस होताच. तिकडे हिवरे बाजार या गावात दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथं बंदी आहे.

निघताना वहिनींनी माझी अर्धी घागर भरून दिली. नको म्हटलं तरी.