लाइपझिगमधला ऑगस्ट : त्सुकरट्यूट, घेवडा आणि शिवणयंत्र

महाराष्ट्रात ऑगस्ट म्हणजे श्रावण, ओलीचिंब अंगणे आणि जिकडेतिकडे उगवून येणारी हिरवळ. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये मात्र हा महिना पिकण्याचा, तोडण्याचा आणि साठवण्याचा असतो. जूनच्या अखेरीस रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळणारा सूर्य ऑगस्टच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास मावळू लागतो आणि सप्टेंबर संपता संपता सातच्या आतच दिसेनासा होतो. ऊन अजून चांगलेच तापत असते, पण हातात असलेला उजेड रोज थोडा कमी होत आहे याची जाणीव प्रत्येक कामाला घाई लावते. आमच्या घरात या घाईला दोन तोंडे असतात. एक बागेचे आणि दुसरे शिवणाचे, कारण सॅक्सनी राज्यात शाळाही याच आठवड्यांत सुरू होतात आणि यंदा धाकटी लेक पहिलीत गेली.

आमची बाग घराला लागून नाही. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो आणि सायकलने जाता येईल अशा अंतरावरच्या बागवसाहतीत भाडेपट्ट्याने घेतलेला जमिनीचा एक तुकडा कसतो. अशा बागांना श्रेबरगार्टन म्हणतात आणि त्यांचे मूळ याच शहरात आहे. गंमत अशी की, ज्यांचे नाव या बागांना मिळाले त्या डॉ. मोरित्स श्रेबर यांनी स्वतः अशी एकही बाग उभारली नाही. ते लाइपझिगमधले अस्थिविकारतज्ज्ञ होते, शहरातल्या मुलांना मोकळ्या हवेत हालचाल करायला मिळाली पाहिजे असे ते आग्रहाने सांगत आणि १८६१ मध्ये ते वारले. १८६४ मध्ये एर्न्स्ट इनोसेंट्स हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांना एकत्र करून एक संघ स्थापन केला, त्याला श्रेबर यांचे नाव दिले आणि पुढच्या वर्षी मुलांसाठी एक मैदान खुले केले. त्यानंतर काही वर्षांनी गेझेल या शिक्षकांनी मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. मुलांना थोड्याच काळात तण उपटण्याचा कंटाळा आला, खुरपी पालकांच्या हातात आली, वाफ्यांना कुंपणे पडली, कुंपणांच्या आत छोट्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि एक संस्था जन्माला आली. आमच्या घरातही हा इतिहास त्याच क्रमाने घडला आहे, एवढेच नमूद करून पुढे जाते. त्या मूळ संघाच्या वास्तूत आज या बागांचे संग्रहालय आहे, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना मी चर्चच्या आधी तिथे नेते.

या बागांसाठी १९८३ पासून देशपातळीवरचा स्वतंत्र कायदा आहे. बाग चारशे चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, तिच्यातले लाउबे म्हणजे छोटे घर छपराखालच्या ओसरीसह चोवीस चौरस मीटरपेक्षा जास्त जागा व्यापणारे नसावे आणि ते कायम राहण्याजोगे नसावे, अशी बंधने त्यात आहेत. निदान एक तृतीयांश जमिनीवर फळे आणि भाज्या पिकवल्याच पाहिजेत, हा दंडक २००४ मधल्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाने पक्का झाला. नवे लोक या नियमावर कुरकुर करतात, कारण त्यांना हिरवळ आणि आरामखुर्ची हवी असते. मला मात्र सगळ्या नियमांत हाच अधिक शहाणपणाचा वाटतो. तो नसता तर कामाने थकलेली आम्ही दोघे दर वर्षी थोडी थोडी हिरवळ वाढवत गेलो असतो आणि मुलांना टोमॅटो फक्त खोक्यात दिसले असते.

ऑगस्टमध्ये या एक तृतीयांशाचा हिशोब द्यावा लागतो. टोमॅटोला ओल्या पानांवर करपा पटकन धरतो, म्हणून इथे बहुतेक बागांत त्यांच्यावर पारदर्शक छप्पर असते आणि पाणी बुंध्याशी, सकाळी घातले जाते. झुकिनी दोन दिवस दुर्लक्षित राहिली की दंडाएवढी होते, आणि मग ती कोणाच्या दारात नेऊन ठेवावी हा वसाहतीतला सामाजिक प्रश्न बनतो. तिच्याबाबत एक सावधगिरी मात्र प्रत्येक जण पाळतो. स्वतःच्या झाडाचे बी धरून ती पुन्हा लावायची नाही, कारण परागीकरणात शोभेच्या भोपळ्यांशी संकर होऊन फळात कुकुर्बिटासिन हे कडू विष उतरू शकते. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला होता. कडू दुधीचा रस पिऊ नये हे आपल्याकडे ठाऊक असतेच. कूळ एकच, तेव्हा नियमही एकच.

घेवड्याचे तसे नाही. त्याची फुले बहुधा स्वतःचेच पराग घेतात, त्यामुळे बी खरे उतरते, आणि वेलावरच शेंगा वाळू देऊन आत दाणे खुळखुळू लागले की ते काढून ठेवता येतात. मुलांना एवढेच बजावावे लागते की कच्च्या शेंगेत फासिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते नीट शिजवल्यावरच नाहीसे होते. काकडीसारखी ती वेलावरून तोडून तोंडात टाकायची नाही.

आता शिवणाकडे येते. सॅक्सनीत शाळेचा पहिला दिवस हा एखाद्या लग्नासारखा साजरा होतो. उन्हाळी सुटी संपते त्या शनिवारी शाळेत समारंभ असतो, मोठ्या वर्गांतली मुले गाणी म्हणतात, आजी-आजोबा दूरच्या गावांहून येतात, आणि जेवणासाठी हॉटेलातली टेबले कित्येक महिने आधी राखून ठेवलेली असतात. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात त्या दिवशी त्सुकरट्यूट दिला जातो, म्हणजे खाऊ, रंगपेटी आणि छोट्या भेटवस्तूंनी भरलेला एक मोठा शंकू. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅक्सनी आणि थुरिंगिया या प्रदेशांत रुजली आणि मग देशभर पसरली. पश्चिमेकडे हा शंकू गोल आणि साधारण सत्तर सेंटिमीटरचा असतो. पूर्वेकडे, म्हणजे आमच्याकडे, तो सहा कोनी आणि पंच्याऐंशी सेंटिमीटरचा. सहा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीपर्यंत तो येतो. बालवाडीत मुलांना सांगतात की या शंकूंचे एक झाड असते आणि त्यावरचे शंकू पिकून मोठे झाले की शाळेत जायची वेळ झाली असे समजावे. बागेत वाढलेल्या आमच्या लेकीने यावर त्या झाडाला पाणी कोण घालते, असा अगदी रास्त प्रश्न विचारला होता.

बाजारात चकचकीत तयार शंकू भरपूर मिळतात, पण अनेक घरांत तो कापडाचा शिवतात. आमच्याकडे या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. पर्यटक व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येते, म्हणून त्यांचे येणे समारंभाच्या तारखेला धरून ठरवले होते. येताना त्यांनी त्यांच्या आईचे जुने इरकल लुगडे आणले. त्याची गोधडी करायची असे आधी ठरले होते, आणि मग त्याचा शंकू झाला.

करण्याची रीत अवघड नाही. पुठ्ठ्याचा तयार सांगाडा विकत मिळतो. त्याच्या एका पैलूवर कागद ठेवून लांब त्रिकोणी पट्टी आखायची आणि दोन लांब कडांना शिवणीसाठी एकेक सेंटिमीटर जास्त धरायचा; वरच्या कडेला दुमडण्यासाठी थोडे अधिक ठेवायचे. अशा सहा पट्ट्या लागतात. जुने लुगडे धुऊन धुऊन विरविरीत झालेले असते, म्हणून त्याला मागून इस्त्रीने चिकटणारे बकरम लावावे लागते, नाहीतर टाके कापडाला ओढतात आणि पैलू सरळ दिसत नाही. लुगड्याचे काठ आम्ही वरच्या कडेला आडवे घेतले. वर पंचवीस-तीस सेंटिमीटर उंचीची सुती झालर जोडली, तिचे तोंड फितीने बांधले की आतला खाऊ दिसत नाही. खरी कसोटी टोकाशी असते, कारण तिथे सहा शिवणी एकत्र येऊन कापडाची गाठच होते. पट्ट्या टोकाला एकदीड सेंटिमीटर बोथट कापाव्यात, आतली शिल्लक कडा कात्रीने उतरवावी आणि शेवटचे टाके हाताने घालावेत.

हे काम आम्ही बागेतल्या लाउबेत केले. आमच्या शेजारच्या बागेतल्या आजींकडे पायाने चालवायचे जुने व्हेरिटास शिवणयंत्र आहे. ही यंत्रे पूर्व जर्मनीच्या काळात व्हिटेनबर्गे या गावातल्या कारखान्यात बनत असत आणि एकीकरणानंतर तो कारखाना बंद पडला. वीज नसली तरी ते चालते, आणि त्याचा आवाज कोणाला खटकत नाही. रविवारी हे फार सोयीचे ठरते. निवासी भागात रविवारी गवत कापण्याचे यंत्र चालवायला कायद्याने मनाई आहे, वसाहतीत रोज दुपारी शांततेची वेळ असते, ड्रिल किंवा हातोडा वाजला तर लगेच कोणीतरी कुंपणाशी येऊन उभे राहते. शिवणयंत्राबद्दल मात्र कोणाची तक्रार नसते. त्यामुळे आठवडाभर माती आणि रविवारी कापड अशी वाटणी आमच्याकडे आपोआप झाली.

सासूबाई आणि त्या आजी यांना एकमेकींची भाषा येत नाही, पण मतभेदाला भाषा फारशी लागत नाही. प्रत्येक शिवण मारल्यावर आधी इस्त्री, मगच पुढची शिवण, असा आजींचा नेम होता. सासूबाईंना हे वेळखाऊ वाटे. बोटाच्या नखाने घडी बसते, त्याला इस्त्री कशाला, असे त्या मला मराठीत सांगत आणि ते मी भाषांतरित करू नये अशी अपेक्षाही ठेवत. शेवटी पट्ट्या आजींच्या पद्धतीने जोडल्या गेल्या आणि झालर सासूबाईंच्या हातच्या धावदोऱ्याने. माझ्या मते इस्त्रीची बाजू बरोबर होती, पण हे मत मी घरात मांडलेले नाही.

शंकू झाल्यावर शिवणाच्या सामानात उरलेल्या पातळ जाळीचा उपयोग बागेनेच सुचवला. लाउबेच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल आहे आणि ऑगस्टच्या अखेरीस द्राक्षे गोड होऊ लागली की गांधीलमाश्या त्यांच्यावर तुटून पडतात. विनाकारण त्यांना मारायला किंवा त्यांचे पोळे उद्ध्वस्त करायला इथे कायद्याने बंदी आहे. औषध फवारण्याचा मार्ग त्यामुळे बंदच असतो, आणि घड वाचवायचे तर ते झाकावे लागतात. जाळीच्या छोट्या पिशव्या शिवून, तोंडाशी नाडी ओवून, प्रत्येक घडावर एकेक चढवली. हवा खेळती राहते, म्हणून घड आत कुजत नाहीत, आणि पक्ष्यांपासूनही बचाव होतो. मोठ्या मुलाला शिवणकामात रस नव्हता. पण सरळ रेषेत तीन बाजू शिवायच्या आणि पायाने यंत्र चालवायचे हे त्याला इतके आवडले की गरजेपेक्षा जास्त पिशव्या तयार झाल्या.

समारंभाच्या शनिवारी शाळेच्या पटांगणात चकचकीत कागदी शंकूंच्या गर्दीत आमचा इरकल शंकू जरा सावळा दिसत होता. लेकीला त्याची पर्वा नव्हती. तिला तो जड किती आहे याचाच अभिमान होता. आत खाऊ कमी आणि वस्तू अधिक ठेवायच्या असे आम्ही ठरवले होते: पाणी प्यायची बाटली, मातीत काम करायचे हातमोजे, रंगीत खडू, तिच्या मापाची बोथट टोकाची कात्री आणि वरच्या थरात चॉकलेटे. या शंकूंवरून पालकांत चढाओढ लागते, सायकलीपासून घड्याळांपर्यंत भेटी दिल्या जातात, आणि ते मला पटत नाही. सोमवारपासून दप्तर, डबा आणि सकाळची धावपळ सुरू झाली आणि बागेत जाण्याच्या वेळा दुपारनंतर सरकल्या.

पुठ्ठा काढून टाकल्यावर कापडी शंकूत त्याच आकाराची तयार उशी बसते, आणि ती बाजारात मिळते. लेक आता तिला डोक्याखाली न घेता मिठी मारून झोपते. सासूबाई परत गेल्या आहेत; त्यांना फोनवर पहिला प्रश्न उशीची शिवण उसवली का, हा असतो.

सप्टेंबरमध्ये अजून बरेच उरले आहे. कुंपणाची झुडपे मुळापासून छाटायला मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मनाई असते, कारण तेव्हा त्यांत पक्ष्यांची घरटी असतात. त्यामुळे ते काम ऑक्टोबरवर ढकलले आहे. गोठण सुरू होण्याआधी वसाहतीचे पाणी बंद होते, म्हणून पिंपे, बादल्या आणि घडांवरच्या पिशव्या त्याआधी धुऊन ठेवाव्या लागतील. घेवड्याचे बी मुलाने शिवलेल्या जादा पिशव्यांत भरायचे आहे, पण जाळीची भोके मोठी आहेत आणि बारीक जातीचे दाणे त्यांतून निसटतात. तेवढ्यांसाठी लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यांची सुती पिशवी करावी लागेल, आणि आजींचे यंत्र थंडीसाठी झाकून ठेवले जाण्याआधी एखादा रविवार त्यासाठी मागून घ्यावा लागेल.